लिबर्तादोरेसच्या सुरुवातीच्या बाद फेऱ्या : वाचकांचे प्रश्न

कोपा लिबर्तादोरेस या दक्षिण अमेरिकेतील सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेविषयी आमच्याकडे आलेली बहुतेक पत्रे कोल्हापूर शहरातील आहेत. विश्वचषकाच्या महिन्यात पेठापेठांतून अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लावणाऱ्या या शहरात त्या देशांतील क्लबांचे सामनेही आता आवडीने पाहिले जातात, असे या पत्रांवरून दिसते. अंतिम सामन्याविषयी फारसे कोणी विचारलेले नाही. जवळजवळ सगळे प्रश्न साखळीपूर्व फेऱ्या आणि साखळीनंतरची पहिली बाद फेरी यांभोवती आहेत, आणि आमच्या मते या स्पर्धेचा खरा कस तिथेच लागतो. म्हणून यावेळचे सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : साखळी सामने सुरू होण्याआधीही बाद फेऱ्या होतात असे वाचले. त्या फक्त लहान क्लबांसाठी असतात का? नामांकित संघांना त्या खेळाव्या लागतात का?
(एक वाचक, शिवाजी पेठ)

या फेऱ्या लहान क्लबांसाठी राखून ठेवलेल्या नाहीत. २०१७ पासूनच्या रचनेनुसार स्पर्धेत ४७ क्लब उतरतात. ब्राझीलचे सात, अर्जेंटिनाचे सहा आणि उरलेल्या आठ देशांचे प्रत्येकी चार, अशा ४५ क्लबांत आदल्या वर्षीचा लिबर्तादोरेसचा विजेता आणि कोपा सुदामेरिकाना या दुय्यम स्पर्धेचा विजेता यांची भर पडते. यांतील २८ क्लब थेट साखळीत जातात. बाकीच्या १९ क्लबांना फेब्रुवारी आणि मार्चच्या सुरुवातीला तीन टप्प्यांची चाळणी पार करावी लागते. पहिल्या टप्प्यात सहा क्लब खेळतात आणि त्यांतले तीन उरतात, दुसऱ्या टप्प्यात त्यांना आणखी तेरा क्लब येऊन मिळतात, तिसऱ्यात आठ उरतात आणि अखेर चार क्लबांना साखळीचे दार उघडते. म्हणजे पंधरा क्लबांचे लिबर्तादोरेसचे वर्ष साखळीआधीच संपते. तिसऱ्या टप्प्यात हरलेल्या चौघांना निदान सुदामेरिकानाच्या साखळीत जागा मिळते; त्याआधी हरलेल्यांना काहीच मिळत नाही.

ज्या क्लबांनी देशांतर्गत स्पर्धेत थेट प्रवेशापुरती कामगिरी केलेली नसते, त्यांना या चाळणीतून जावे लागते, मग त्यांचे नाव कितीही मोठे असो. २०११ मध्ये साओ पावलोचा कोरिंथियन्स कोलंबियाच्या तोलिमाविरुद्ध साखळीपूर्व फेरीत उतरला, तेव्हा त्यांच्याकडे ब्राझीलचा विश्वविजेता रोनाल्डो होता. घरच्या मैदानावर ०–० अशी बरोबरी झाली आणि इबागे येथील परतीचा सामना तोलिमाने २–० ने जिंकला. रोनाल्डोच्या व्यावसायिक कारकिर्दीतला तो शेवटचा सामना ठरला. त्याच महिन्यात त्याने निवृत्ती जाहीर केली. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, हाच कोरिंथियन्स एकही सामना न गमावता लिबर्तादोरेसचा विजेता झाला आणि डिसेंबरमध्ये क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने चेल्सीला १–० ने हरवले.

अलीकडचे उदाहरण अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सचे आहे. सहा वेळा लिबर्तादोरेस जिंकलेला हा क्लब २०२५ मध्ये दुसऱ्या टप्प्यातच पेरूच्या अलियान्झा लिमाकडून बाद झाला. लिमात ०–१ अशी हार, ब्वेनोस आयरेसमध्ये २–१ असा विजय, आणि मग टायब्रेकरमध्ये, म्हणजे पेनल्टी फटक्यांत, पराभव, असा तो प्रवास होता. याच्या उलट ब्राझीलच्या बोताफोगोने २०२४ मध्ये याच दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात केली आणि नोव्हेंबरअखेर करंडक उंचावला.

मोठे क्लब इथे का अडखळतात, याचे एक कारण दिनदर्शिकेत सापडते. ब्राझील आणि अर्जेंटिनाचा फुटबॉल हंगाम जानेवारीत सुरू होतो. फेब्रुवारीत संघात नवे खेळाडू नुकतेच दाखल झालेले असतात, कित्येकदा प्रशिक्षकही नवा असतो आणि खेळाडूंच्या पायांत अजून पूर्ण नव्वद मिनिटांचा दम आलेला नसतो. अशा अवस्थेत वर्षातील सर्वांत महत्त्वाच्या दोन सामन्यांना सामोरे जावे लागते, आणि प्रतिस्पर्धी मात्र या दोन सामन्यांसाठीच तयारी करून आलेला असतो.

प्रश्न : आपल्याकडे शाहू स्टेडियमवर तालीम संघांचा बाद सामना एकदाच होतो, जिंकला तो पुढे गेला. तिकडे प्रत्येक फेरीत दोन-दोन सामने कशासाठी? आणि साखळीत गटात पहिला आल्याचा बाद फेरीत नेमका फायदा काय?
(एक माजी खेळाडू, मंगळवार पेठ)

आपल्याकडे दोन्ही संघांचे मैदान एकच असते, दोन्हींचे समर्थक एकाच शहरातले असतात आणि दोन्ही संघांना मैदानावर पोहोचायला लागणारा वेळही जवळपास सारखाच असतो. त्यामुळे एका सामन्यात निकाल लावणे न्याय्य ठरते. मोंतेव्हिदेओचा संघ काराकासला जातो तेव्हा तो पाच हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करतो. हवामान बदलते, घड्याळ बदलते, आणि स्टेडियममधला जवळजवळ सगळा आवाज त्याच्या विरोधात असतो. हे ओझे दोघांनाही एकेकदा उचलायला लावल्याखेरीज तुलना होऊच शकत नाही.

ही पद्धत स्पर्धेइतकीच जुनी आहे. १९६० मध्ये अवघ्या सात क्लबांनिशी लिबर्तादोरेस सुरू झाली तेव्हा तिच्यात साखळी नव्हती. पहिल्या सामन्यापासून बाद फेरीच होती. १९ एप्रिल १९६० रोजी मोंतेव्हिदेओच्या पेन्यारोलने बोलिव्हियाच्या होर्खे विल्स्टरमनला ७–१ असे हरवले, त्यांत इक्वेडोरच्या आल्बेर्तो स्पेन्सरचे चार गोल होते. आणि निकाल उघड दिसत असूनही परतीचा सामना कोचाबाम्बात खेळला गेलाच. त्या वर्षी उपांत्य फेरीत पेन्यारोल आणि अर्जेंटिनाचा सान लोरेन्सो यांचे दोन्ही सामने बरोबरीत सुटले, तेव्हा तिसरा सामना खेळवून निकाल लावण्यात आला. पुढे पेन्यारोलच पहिला विजेता ठरला. याच स्पेन्सरच्या नावावर लिबर्तादोरेसमधील सर्वाधिक, म्हणजे ५४ गोलांचा विक्रम आजही आहे.

आता गटात पहिले येण्याविषयी. आठ गटांतील पहिले आठ आणि दुसरे आठ असे सोळा संघ उपउपांत्यपूर्व फेरीत येतात. गटविजेत्यांच्या चिठ्ठ्या एका भांड्यात, उपविजेत्यांच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून सोडत काढली जाते, आणि गटविजेत्याला परतीचा सामना घरच्या मैदानावर मिळतो. मात्र सोडतीत त्याला याखेरीज फारसे संरक्षण मिळत नाही. एकाच देशाचे दोन संघ समोरासमोर येऊ शकतात, इतकेच काय, साखळीत एकाच गटात खेळलेले दोन संघही पुन्हा भेटू शकतात.

परतीचा सामना घरी असणे किती मोलाचे, याविषयी मतभेद आहेत. आमचे मत असे की त्याचे खरे मोल शेवटच्या अर्ध्या तासात आणि टायब्रेकरमध्ये कळते, कारण नेमके किती गोल हवे आहेत हे तेव्हा ठाऊक असते आणि पेनल्टी मारणाऱ्यामागे आपले प्रेक्षक असतात. मात्र हा फायदा पहिल्या सामन्यात सहज उधळला जातो. गटविजेता संघ परक्या मैदानावर बरोबरी मिळाली तरी चालेल अशा विचाराने मागे सरकून खेळतो, एक गोल खातो, आणि मग घरच्या नव्वद मिनिटांत घाईने चुका करू लागतो. या फेऱ्या पाहणाऱ्याने १८० मिनिटांचा एकच सामना चालू आहे असे समजूनच पाहावे. पहिल्या सामन्यातील शेवटची दहा मिनिटे ही केवळ मध्यंतराआधीची मिनिटे असतात.

२०१५ च्या उपउपांत्यपूर्व फेरीची हकीकत याबाबतीत सर्वांत बोलकी आहे. त्या वेळी सोडत नव्हती. साखळीतील कामगिरीनुसार पहिला विरुद्ध सोळावा, दुसरा विरुद्ध पंधरावा अशा जोड्या लागत. बोका ज्युनियर्सने साखळीतील सहाच्या सहा सामने जिंकून १८ गुणांसह पहिला क्रमांक मिळवला होता. सोळावा होता त्यांचाच कट्टर प्रतिस्पर्धी रिव्हर प्लेट, ज्याला सहा सामन्यांत एक विजय आणि चार बरोबरी मिळून केवळ सात गुण मिळाले होते. शेवटच्या दिवशी, तेव्हा पाहुणा म्हणून खेळणाऱ्या मेक्सिकोच्या तिग्रेस संघाने पेरूच्या ख्वान आउरिचला ५–४ ने हरवले नसते, तर रिव्हर प्लेट साखळीतच संपला असता. पहिला सामना रिव्हर प्लेटने कार्लोस सांचेझच्या पेनल्टीवर १–० ने जिंकला. १४ मे रोजी बोकाच्या ला बोम्बोनेरा मैदानावर परतीच्या सामन्याचा पूर्वार्ध गोलशून्य राहिला, आणि उत्तरार्धासाठी रिव्हर प्लेटचे खेळाडू बोगद्यातून मैदानात येत असताना प्रेक्षकांतून त्यांच्यावर डोळे व कातडी जाळणारा द्रव फवारला गेला. सामना थांबला आणि नंतर बोकाला स्पर्धेतून बाद ठरवण्यात आले. साखळीत सोळाव्या आलेल्या रिव्हर प्लेटने त्या वर्षी करंडक जिंकला, आणि अंतिम फेरीत त्यांच्यासमोर होता तोच तिग्रेस, ज्याच्या विजयाने त्यांना जीवदान दिले होते. घरच्या प्रेक्षकांचे पाठबळ हा या फेरीतला सर्वांत मोठा लाभ आहे, आणि त्या रात्री काही थोड्या प्रेक्षकांनी आपल्याच संघाची अख्ख्या मोसमाची मेहनत मातीत घातली. पेठांच्या ईर्ष्येवर ज्यांचे फुटबॉल पोसले गेले आहे, त्या आपण सर्वांनी हे मनापासून लक्षात ठेवावे असे आम्हाला वाटते.

प्रश्न : बोलिव्हिया आणि इक्वेडोरच्या संघांना उंचीचा फायदा मिळतो म्हणतात. मग ते दर वर्षी बाद फेरीत पुढे का जात नाहीत?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, राजारामपुरी)

फायदा खरा आहे. ला पाझचे एर्नान्दो सिलेस स्टेडियम समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्या दुपटीहूनही उंच. शेजारच्या एल आल्तो शहरातील मैदान तर ४,००० मीटरच्या वर आहे, आणि क्विटो सुमारे २,८०० मीटरवर. ला पाझच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराला प्राणवायू कमी मिळतो आणि वेगाने धावल्यावर दम परत यायला फार वेळ लागतो. शिवाय विरळ हवेत चेंडूला अडवणारा विरोध कमी असल्याने तो अधिक वेगाने जातो आणि कमी वळतो. लांबून मारलेल्या फटक्याचा अंदाज पाहुण्या गोलरक्षकाला चटकन येत नाही. शरीराला या उंचीची सवय व्हायला दिवसच नव्हे तर आठवडे लागतात आणि तेवढा वेळ कोणाकडेच नसतो, म्हणून पाहुणे संघ बहुधा सखल भागातील सांता क्रूझमध्ये मुक्काम करतात आणि सामन्याच्या दिवशीच वर जातात, म्हणजे उंचीचा त्रास पूर्ण जाणवू लागण्याआधी खेळ उरकावा.

पण दोन सामन्यांच्या फेरीत उंचीचा उपयोग एकदाच होतो, आणि उरलेली नव्वद मिनिटे खाली उतरून काढावी लागतात. २०२४ मध्ये ला पाझचा बोलिव्हार आपल्या गटात पहिला आला होता, त्यामुळे उपउपांत्यपूर्व फेरीचा परतीचा सामना त्याच्याच मैदानावर होता. फ्लामेंगोने रिओमध्ये आधीच २–० अशी आघाडी घेऊन ठेवली होती. ला पाझमध्ये बोलिव्हार १–० ने जिंकला आणि तरीही बाद झाला. २०१४ च्या उपांत्य फेरीतही बोलिव्हारने घरी १–० असा विजय मिळवला होता, पण त्याआधी सान लोरेन्सोकडून ०–५ असा मार खाल्ला होता. सर्वांत टोकाचे उदाहरण २०१७ च्या उपांत्यपूर्व फेरीतले आहे. सुमारे २,५०० मीटर उंचीवरील कोचाबाम्बात विल्स्टरमनने रिव्हर प्लेटला ३–० ने हरवले, आणि आठवड्याने ब्वेनोस आयरेसमध्ये रिव्हर प्लेटने ८–० असा विजय मिळवला. त्यांतले पाच गोल एकट्या इग्नासिओ स्कोक्कोचे होते.

ज्यांना खाली उतरल्यावर बचाव सांभाळता येतो, त्यांनाच उंची पावते. २०२५ मध्ये आदल्या वर्षीचा विजेता बोताफोगो रिओमध्ये १–० ने जिंकूनही क्विटोच्या एलडीयूकडून परतीच्या सामन्यात ०–२ ने हरला आणि उपउपांत्यपूर्व फेरीतच बाहेर पडला. पहिल्या सामन्यात एकाहून अधिक गोल न खाणे, हेच एलडीयूचे खरे यश होते. फिफाने २००७ मध्ये उंचावरील आंतरराष्ट्रीय सामन्यांवर बंदी घातली होती आणि पुढच्याच वर्षी ती मागे घेतली. ती मागे घेतली हे योग्यच झाले. ज्या शहरात लाखो माणसे राहतात आणि मुले रोज फुटबॉल खेळतात, ते शहर फुटबॉलला अयोग्य कसे ठरवता येईल?

प्रश्न : दोन्ही सामन्यांनंतर बरोबरी झाली तर जादा वेळ न देता लगेच टायब्रेकर का? आणि परक्या मैदानावरील गोलाला जादा किंमत देण्याचा नियम अजून आहे का?
(एक स्थानिक पंच, बुधवार पेठ)

परक्या मैदानावरील गोलाचा नियम लिबर्तादोरेसमध्ये २००५ पासून होता आणि २०२२ च्या स्पर्धेपासून तो काढून टाकण्यात आला. त्याचा परिणाम समजण्यासाठी २०१८ ची उपउपांत्यपूर्व फेरी पाहावी. चिलीच्या कोलो-कोलोने कोरिंथियन्सला घरी १–० ने हरवले, साओ पावलोत कोरिंथियन्स २–१ ने जिंकला आणि एकूण गोल २–२ असे समान झाले. पण परक्या मैदानावरील एका गोलामुळे कोलो-कोलो पुढे गेला. हा नियम पाहुण्यांनी धाडसाने खेळावे म्हणून आणला होता, परंतु प्रत्यक्षात पहिल्या सामन्यात यजमान संघच गोल खाण्याच्या धास्तीने आखडून खेळू लागले. तो गेला हे आम्हाला चांगले वाटते.

आता एकूण गोल समान राहिले की थेट टायब्रेकर होतो. जादा वेळ फक्त अंतिम सामन्यात दिला जातो. नियमाच्या मागे जाहीर केलेले कारण काहीही असो, न्यायाच्या दृष्टीने तो पटण्याजोगा आहे : परतीच्या सामन्याला तीस मिनिटे जोडली, तर ती सगळी मिनिटे एकाच संघाच्या मैदानावर पडतात आणि दोन सामन्यांचा समतोल बिघडतो.

याचा परिपूर्ण लाभ २०२३ मध्ये बोकाने उठवला. उपउपांत्यपूर्व फेरीत उरुग्वेचा नासिओनाल, नंतर रासिंग आणि मग पाल्मेरास, या तिन्ही फेऱ्यांतले सहाही सामने बरोबरीत सुटले, आणि तिन्ही वेळा गोलरक्षक सेर्खिओ रोमेरोने पेनल्टी अडवून बोकाला पुढे नेले. एकही बाद सामना न जिंकता बोका अंतिम फेरीत पोहोचला. रिओच्या मारकाना मैदानावरील त्या अंतिम सामन्यात जादा वेळ होता, आणि त्यातच फ्लुमिनेन्सेने २–१ असा विजय मिळवला. काहींना बोकाचा हा प्रवास कंटाळवाणा वाटला. आम्हाला तसे वाटत नाही. सहा सामन्यांत हार न पत्करणे आणि अठरा यार्डांच्या आत शिस्त राखणे हेही फुटबॉलच आहे, आणि टायब्रेकरसाठी गोलरक्षकाची तयारी करून घेणारा प्रशिक्षक आपले कामच करत असतो.

प्रश्न : मैदानाबाहेर निकाल लागल्याची आणखी उदाहरणे आहेत का?
(एक वाचक, शाहूपुरी)

२०१८ च्या उपउपांत्यपूर्व फेरीत सान्तोस आणि अर्जेंटिनाचा इंदिपेन्दिएन्ते यांचा पहिला सामना ०–० असा सुटला होता. सान्तोसने त्यात शिक्षा पूर्ण न झालेला खेळाडू उतरवला असे ठरून निकाल ३–० असा इंदिपेन्दिएन्तेच्या बाजूने बदलण्यात आला, आणि सान्तोस बाद झाला. तो खेळाडू म्हणजे वर उल्लेख आलेला कार्लोस सांचेझच. शिक्षा २०१५ मध्ये रिव्हर प्लेटकडून खेळताना झालेली होती आणि तीन वर्षांनी ती दुसऱ्याच क्लबाला भोवली. संघ व्यवस्थापकाने खेळाडूंची कागदपत्रे किती काटेकोरपणे तपासावीत, हे आपल्याकडील संघांनीही यावरून पाहावे.

प्रश्न : अलीकडे दर वर्षी ब्राझीलचाच क्लब जिंकतो. मग सुरुवातीच्या बाद फेऱ्यांत पाहण्यासारखे काय उरले?
(एक शिक्षक, कसबा बावडा)

आपले निरीक्षण अचूक आहे. २०१९ ते २०२५ या सातही वर्षी ब्राझीलचा क्लब विजेता ठरला : फ्लामेंगो तीनदा, पाल्मेरास दोनदा, फ्लुमिनेन्से आणि बोताफोगो एकेकदा. २०२० ते २०२५ या सहा अंतिम सामन्यांपैकी पाच सामन्यांत दोन्ही संघ ब्राझीलचेच होते. ब्राझीलमधील क्लबांचे दूरचित्रवाणी आणि जाहिरातींचे उत्पन्न शेजाऱ्यांच्या मानाने फार मोठे आहे, आणि त्या बळावर ते अर्जेंटिना, उरुग्वे, कोलंबिया येथील उत्तम खेळाडू आपल्याकडे आणतात. ही दरी लवकर बुजेल असे दिसत नाही.

परंतु म्हणूनच उपउपांत्यपूर्व फेरी अधिक महत्त्वाची झाली आहे, कारण लहान क्लबाला मोठ्याशी आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर दोन हात करण्याची संधी तिथे मिळते. २०१९ पासून अंतिम सामना एकच होतो आणि तो आधी ठरलेल्या शहरात खेळला जातो. घरचे मैदान, प्रवास आणि परतीचा सामना यांचा हिशेब तिथे संपलेला असतो. तो हिशेब जिवंत राहतो तो त्याआधीच्या फेऱ्यांतच.

२०१६ मध्ये इक्वेडोरच्या सांगोल्की या लहान शहरातील इंदिपेन्दिएन्ते देल व्हाये हा क्लब साखळीपूर्व फेरीपासून खेळत आला. उपउपांत्यपूर्व फेरीत त्याने गतविजेत्या रिव्हर प्लेटला घरी २–० ने हरवले, परतीच्या सामन्यात ०–१ अशा पराभवावर रोखून धरले, आणि उपांत्य फेरीत बोकाला दोन्ही सामन्यांत नमवले. त्या एप्रिलमध्ये इक्वेडोरला मोठा भूकंप झाला होता. क्लबने आपल्या घरच्या सामन्यांच्या तिकिटांचे उत्पन्न भूकंपग्रस्तांना दिले. अंतिम फेरीत कोलंबियाच्या आत्लेतिको नासिओनालने त्यांना हरवले. या क्लबाची ताकद खरेदीत नसून प्रशिक्षण केंद्रात आहे; आज इंग्लंडमध्ये गाजणारा मोइसेस काइसेदो तिथेच घडला. कोल्हापूरच्या पेठांत मुले आजही बूट मिळण्याआधी चेंडू हाताळायला शिकतात, आणि अनिकेत जाधवसारखा खेळाडू इथून भारताच्या १७ वर्षांखालील विश्वचषक संघापर्यंत पोहोचला. तालीम संघांनी बाहेरून खेळाडू आणण्यावर होणाऱ्या खर्चातला काही भाग नियमितपणे बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या प्रशिक्षणाकडे वळवला, तर सांगोल्कीचा मार्ग आपल्यालाही चालता येईल, असे आम्ही जबाबदारीने सांगतो.

प्रश्न : गटात तिसरा येणारा संघ कुठे जातो? आणि हे सामने आपल्याकडे किती वाजता दिसतात?
(एक वाचक, रंकाळा परिसर)

तिसरा संघ सुदामेरिकानात जातो. २०२३ पासून त्याला तिथे गटात दुसऱ्या आलेल्या संघाशी एक जादा बाद फेरी खेळावी लागते आणि ती जिंकल्यावरच सोळा संघांत जागा मिळते. साखळीत चौथा आलेला संघ घरी जातो.

वेळेबाबत : ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे आपल्या साडेआठ तास मागे आहेत, बोलिव्हिया साडेनऊ तास, आणि पेरू, इक्वेडोर व कोलंबिया साडेदहा तास. ब्वेनोस आयरेसमध्ये संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला दिसतो आणि रात्री साडेनऊचा सामना सकाळी सहाला. तिथले मंगळवार, बुधवार आणि गुरुवारचे सामने म्हणजे आपल्याकडे बुधवार, गुरुवार आणि शुक्रवारची पहाट. साखळीपूर्व फेऱ्या फेब्रुवारीत सुरू होतात आणि उपउपांत्यपूर्व फेरी अलीकडच्या वर्षांत ऑगस्टमध्ये होते. ज्यांना एकच सामना पाहणे जमणार असेल त्यांनी सकाळी सहाचा परतीचा सामना निवडावा, मात्र पहिल्या सामन्याचा निकाल आणि त्यातील गोल आधी पाहून घ्यावेत.